शेऱ्याचा रकाना

मार्च संपत आला की आमच्या पंचायतीत
पंखासुद्धा घाईत फिरतो.
निधी आला बावीस तारखेला, तीन वर्षांनी,
आणि एकतीसला पाचच्या आत
तो खर्ची पडला पाहिजे, निदान कागदावर,
नाहीतर आला त्या वाटेने पणजीला परत.

नऊ लाख चौऱ्याऐंशी हजार.
काम : खारवाड्याच्या खाजनाचा बांध,
मानशीपासून कायतानच्या माडांपर्यंत, एकशेदहा मीटर.

मी कारकून. जावक क्रमांक मी घालते,
ठरावाच्या तीन नकला मी काढते.
हा बांध माझ्या हातून सात वेळा वर गेला
आणि सहा वेळा खाली आला.
एकदा नकाशावर सही हिरव्या शाईत नव्हती,
एकदा तो शेतीखात्याचा, जलस्रोतवाल्यांचा
की कुळांच्या संघाचा, हेच ठरेना,
आणि एकदा जिल्हा पंचायतीच्या सदस्यांना
त्याच पैशांत कमान हवी होती,
गावाच्या तोंडाशी, खाली त्यांचं नाव.
ग्रामसभेत शाणू गावडे उठून म्हणाला,
"कमान भरती अडवील काय?"
इतिवृत्तात मी लिहिलं : चर्चा झाली.

पाणी कुठल्याच खात्याचं नव्हतं.
भाद्रपदाच्या अवसेला दोन जागी बांध फुटला,
पोटरीला आलेल्या कोरगुटात खाडी शिरली,
आणि कोरगुट झालं तरी किती मीठ सोसणार?
मग वाट कोणी पाहिली नाही.
अकरा रात्री, ओहोटी धरून,
चिखल, भाताचं तण, बांबूच्या खुंट्या.
बायका रांगेत उभ्या, चिखलाचे गोळे हातोहात.
एका रविवारी मीही होते त्या रांगेत.
सोमवारी आवक नोंदवहीच्या पानावर
माझ्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला,
तो अजून आहे.

आणि आता कनिष्ठ अभियंता वेरेकर फीत घेऊन आले.
"काम नीट झालंय," म्हणाले, मनापासून म्हणाले.
लांबी एकशेदहा, रुंदी अडीच, उंची एक पूर्णांक आठ.
ठेकेदार माडाच्या सावलीत, फोनवर,
बुटांना मातीचा कण नाही.
फितीचं दुसरं टोक शाणूने धरलं,
कोणीतरी धरायला हवं होतं.
"बांद आमी घातला न्हय?" त्याने विचारलं,
तक्रार म्हणून नाही, तारीख विचारावी तसं.
वेरेकर फीत गुंडाळत म्हणाले,
"खरं आहे. पण तुमचा नोंदणी क्रमांक नाही ना."

सचिवबाई वाईट नाहीत.
त्यांनी मला आत बोलावून दार लोटलं.
पैसे परत गेले तर पुढच्या साली शून्य,
आणि मानशीची दारं कुजलीत, तू पाहिलीस.
तो म्हणतो, बिल निघू दे, दारं मी बसवून देतो,
फणसाच्या लाकडाची.
मी पाहिली होती दारं. खरंच कुजली होती.
म्हणून मला काही बोलता आलं नाही.

एकतीस तारीख, चार वाजून वीस मिनिटं.
दिनांक, प्रमाणक, रक्कम, कोणास दिली,
सगळं नीट, नेहमीच्या अक्षरात.
धनादेशही मीच लिहिला, हे लपवणार नाही.
शेवटचा रकाना शेऱ्याचा.
चौदा वर्षांत त्यात मी आडव्या रेघेशिवाय
काही ओढलेलं नाही.
त्यात बारीक अक्षरात नावं लिहायला घेतली :
शाणू, कायतान, रुझारिया, मोगरें, शाबलो,
त्रेचाळीस जण होते,
एकोणिसाव्या नावाला रकाना भरला.
माझं घातलं नाही. जागा नव्हती, असं म्हणते.

सचिवबाईंनी सही केली. वाचलं की नाही,
त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.
लेखापरीक्षक येतील तेव्हा येतील.

फणसाची दारं अजून आलेली नाहीत.
आज अष्टमी, पाणी फार चढत नाही.
पुनवेला सात दिवस आहेत.