तिसरी चकती

भोसरीत, प्रेसशॉपच्या मागच्या खोलीत
डुंबरेमामा टाकी भरतात.
नवं पाणी लगेच जुंपायचं नाही,
दहा मिनिटं रिकामंच चालू दे, म्हणतात,
मुरलेली हवा निघून जाऊ दे.

मग जाळीच्या टोपलीत इंजेक्टरचे नोझल.
केसाएवढी भोकं, काजळीनं बुजलेली.
ब्रश पोचत नाही. सुईसुद्धा नाही.

टाकीच्या बुडाला चिकटवलेल्या चकत्या
सेकंदाला चाळीस हजारदा थरथरतात.
पाणी ताणलं जातं, उसवतं,
उसवल्या जागी बुडबुडा,
दिसायच्या आत मिटतो
आणि मिटता मिटता लोखंडाला टिचकी मारतो.
नोझलमधून काळा धूर निघतो,
पाण्यातल्या पाण्यात.

मला बारीक सूं ऐकू येतं.
तसं सांगितलं, तर माझे ओठ वाचून म्हणाले,
"ती नुसती भुसकट. खरा आवाज
तुझ्याही कानात मावायचा नाही.
या खोलीत आपण सारखेच बहिरे."
सत्तावीस वर्षं दोनशे टनी प्रेसवर होते.

टाकी चालते का, हे ते
डब्याच्या फॉइलनं बघतात.
पोळी संपली की पुसून, चिमट्यात धरून
एक मिनिट पाण्यात उभं.
बोट घालायचं नाही हं!

आज फॉइल ट्यूबलाइटसमोर धरलं.
भोकंच भोकं, जुन्या बनियनसारखी,
एक कोपरा तेवढा कोरा.
त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला,
आणि रजिस्टरात लिहिलं, अक्षर अक्षर लावून:
तिसरी चकती गेली. आवाज नाही.
गुरुवारी उघडणे.