वीतभर

मढच्या किनाऱ्यावर, ओंडक्यांवर चढवलेली होडी.
वर ताडपत्री, पोटात मी,
गुडघ्यांवर, कानामागे पेन्सिल.
मासळीचे खण उघडे.
जुना थर्माकोल काळा पडलेला,
दाबला की पाणी सुटतं
आणि गेल्या हंगामातल्या करंदीचा वास.

मी म्हटलं, चार इंच पुरे.
चांगुणाबाई शिडीवरून वाकल्या,
अंगठा-करंगळी ताणून फळीवर ठेवली:
"एवरा भर."
बाई, जागा जाईल, मासळी कमी मावेल.
"कमी येऊं दे. येल ती ताजी येऊं दे."

फोमचे दोन डबे.
एकात मधासारखं, एकात काकवीसारखं.
बादलीत घुसळायचं, पंधरा मोजायचे,
ओतायचं आणि हात काढून घ्यायचा.
मग ते फुगतं, कोपरे शोधत जातं,
आंबलेल्या पिठासारखं काठावर येतं.
पहिल्या दिवशी जास्त ओतलं,
तर सागाची एक फळी पोट काढून उभी राहिली.
नितेश हसला.
फळीचे पैसे माझ्या मजुरीतून गेले.

आणि तापतं किती!
थंडी राखायला आलेली ही चीज
जन्मताना अशी तापते
की फळीवर तळवा ठरत नाही.

दारूखान्यातून तांब्याची नळी आणली,
ट्रकमधून काढलेला कॉम्प्रेसर.
सांध्यांना साबणाचा फेस लावून बसलो.
चौथ्यावर एक बुडबुडा,
सावकाश, लाजत.

दुपारी भाकरी खाताना मी शहाणपणा केला:
थंडी अशी काही नसतेच, बाई.
असते ती उष्णता.
ती आत येते, आपण उपसून दर्यात टाकायची,
होडीतलं पाणी उपसतात तशी.
त्यांचा सुकटीचा घास हातातच राहिला.
"मंग तीस वर्सां पाटीतनं
माज्या मानेवर गललां, तां काय होतां?"

चाचणीच्या रात्री वीस लाद्या बर्फ आत,
झाकण बंद, इंजिन बंद.
पहाटे मी थर्मामीटर शोधत होतो
आणि बाई होडीभोवती चालत होत्या,
फळीफळीला गाल लावत,
तापातल्या पोराला लावावा तसा.

निचऱ्याच्या भोकापाशी थांबल्या.
गालावर ओल.
"हयां."

तिथं पोचेपर्यंत डबे संपत आले होते.
वाटलं होतं, फळीमागचं कोण बघतंय.

नितेशनं नंतर सांगितलं, हळू आवाजात,
की बापाचा बर्फ सहाव्या दिवशी संपला होता.
घोळीनं भरलेली होडी घेऊन लडकू नाखवा आला,
आणि ससून डॉकवर
कुणी बोलीसुद्धा लावली नाही.
पुढचं त्यानं सांगितलं नाही.

मी करवत घेतली.
फळीमागे, वीतभर जागेत,
चार बोटं पोकळी.
तेवढ्यातून रात्रभर
मढची हवा आत जात होती.