बांधाचा दर

श्रॉपशरमध्ये, क्लनच्या अलीकडे,
ग्विलिम प्रॉसरचा बांध मोजते आहे.
सहा मीटर रुंद. गवत, रानफुलं.
सरकार पैसे देतं, हेक्टरी.
बांध कोरला म्हणून डोकी फुटतात त्या मुलखातली मी,
इथे बांध रुंदावल्याबद्दल शेतकऱ्याची सही घेते.

टेप संपते तिथून चार पावलांवर
बार्लीच्या कोवळ्या तासात टिटवी.
चार अंडी, ढेकळांत ढेकळं.
नकाशात ही जागा पिकाची,
आणि टिटवीला नकाशा कुणी दाखवलेला नाही.

प्रॉसरनं हेझलच्या दोन काठ्या रोवल्यात,
ट्रॅक्टर वळसा घालून जातो.
"अर्धं पोतं बार्ली गेली," म्हणतो.
तक्रार नाही, नुसता हिशेब.
"ह्याला रकाना आहे?"

नाही.
आमच्याकडे ही रात्री ओरडली
की माणसं धसकतात, मी सांगते,
काहीतरी वाईट व्हायचंय म्हणून.
तो हसत नाही.
"वाईट होऊन गेलं.
वीस वर्षं ओरडलीच नाही इथे."

अपात्र क्षेत्र, मी लिहिते. देय रक्कम शून्य.
तोवर त्यानं ट्रॅक्टर सुरू केलेला,
काठ्यांपाशी येऊन
पुन्हा वळसा.