एक जानेवारी

टेप तासाची असेल तर तासच लागतो.
घाई चालत नाही.
कॉम्प्युटर दुकानातला असो
की कुडाळच्या दळवींनी तीन जुने मोडून
एक केलेला, या माझ्यासारखा.
वायर लावायची, प्ले दाबायचं
आणि बसायचं.

आधी टेपा वाळवल्या.
वेंगुर्ल्याच्या हवेत खिळा टिकत नाही,
ही तर करंगळीहून बारीक फीत.
कडेला पांढरी बुरशी,
लोणच्यावर धरते तशी.
चार दिवस तांदळाच्या पिंपात पुरल्या.
वहिनी रोज भाताचं माप भरताना
एखादी टेप वर काढायची,
झटकून परत खुपसायची.

नऊ टेपा. कॅमेरा बाबलमामाचा,
बोटीवर होता तेव्हा सिंगापूरहून आणलेला.
त्याला झूमचा सोस.
माणूस बोलत असला की हा त्याच्या कानात शिरणार,
कानावरून मागच्या माडावर,
माडावरून कावळ्यावर,
कावळा उडाला की मग
बराच वेळ नुसतं आभाळ थरथरत राहणार.

घड्याळ त्यानं कधी लावलंच नाही.
कोपऱ्यात सगळीकडे एक जानेवारी.
एक जानेवारीला शकूताईचा साखरपुडा.
एक जानेवारीला विहीर उपसली.
अण्णांच्या पायाचं प्लास्टर काढलं,
रापणीला एवढा बांगडा लागला
की मास्तरांनी शाळा सोडली,
त्याच दिवशी होळी, त्याच दिवशी
छत्र्या घेऊन कुणी कुणी फाटकाशी.
बॅटरी उतरली की
परत तोच दिवस.

सहाव्या टेपेत, अठराव्या मिनिटाला
चित्र गेलं.
मला वाटलं हेडवर घाण. पुसलं.
वायर हलवली. दळवींना फोनही लावला.
तसं काही नव्हतं.
मामानं भिंगाला टोपण लावलेलं
आणि बंद करायला विसरून
कॅमेरा ठेवलेला वाशाच्या खुंटीला.
काळं.
काळ्यात आये.

ह्या डब्यार बावीस हजार घातल्यान बाबलान.
मांगराचे नळे इले असते गे.
नि दिसतला काय ह्येच्यात?
आमचीच तोंडां.

कुणीतरी हसलं, मथुराकाकी असेल.
आडाळ्यावर खोबरं खवल्याचा आवाज,
खर्र खर्र, थांबला.

हसां नको. शकूक सांगू नको.
माका ता स्थळ पसंत नाय.
झील बरो आसा, पण सासू
बोलताना वर बघणा नाय.

परत खर्र खर्र. कोंबडी. लांबवर दर्या.
असं सहा मिनिटं.
मग टोपण निघतं,
आणि आये एकदम उजेडात,
पदर सारखा करून, दात दिसतील एवढी हसत
ताईच्या तोंडात पेढा कोंबते.
एक जानेवारी.

डिस्क ताईलाच हवी होती,
तिच्या लेकीचा साखरपुडा आहे म्हणून.
नंदू मस्कतहून म्हणाला, काळं काप, जागा वाचेल.
ती सासू मागल्या साली गेली.
शेवटची तीन वर्षं अंथरुणात,
ताईच तिचं सगळं काढायची.

पहिली डिस्क त्र्याण्णव टक्क्यांवर असताना लाईट गेली.
ती मिरच्यांच्या वाफ्यावर दोरीला बांधली,
वानरांसाठी.
वानरं येतातच.
तिच्यात स्वतःला बघून जातात.

दुसरी केली.
कापायला बसलो होतो, खरं सांगतो,
दोन्ही टोकांना खूण करून ठेवली होती.
खोबरं संपायची वाट बघत राहिलो
आणि टेप पुढे गेली.

आठ दिवसांनी फोन आला.
पोचली म्हणाली. बघितली.
पेढे केवढे असायचे रे तेव्हा.
बाबलमामाचे केस बघ.
मधल्या काळ्याबद्दल काही नाही.
मीही विचारलं नाही.
लेकीचं, हॉलचं, माणसांचं बोलली,
आणि ठेवता ठेवता

आये खोबरा किती बेगीन खवी,
नाय रे?