दोनच तारा

डुलुथला आज उणे एकवीस.
भिंतीवरचं गोल यंत्र उतरवलं
तर मागे दोनच तारा,
एक लाल, एक पांढरी.
दुकानातला पोरगा म्हणालाच होता,
तिसरी नसेल तर महागड्यांच्या नादी लागू नका,
उपाशी मरतात ती.

मग एकोणसाठ डॉलरचं घेतलं, बॅटरीवरचं.
फोनवरून सांगितलेलं ऐकतं म्हणे.
ऊर्होनं कधी कुणाचं ऐकलं नाही.
अडुसष्टच्या वर काटा सरकला
की जिन्यातूनच खाकरायचा.

जुन्याच्या पोटात पाऱ्याचा थेंब
अजून डुगडुगतो. कचऱ्यात टाकायचा नसतो तो,
बुधवारी नेऊन द्यायचा.
तोवर बीटच्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत.

नवं चौकोनी, लहान.
जुन्याचा गोल डाग काही झाकत नाही.
आत बासष्ट सालचा हिरवा रंग,
त्यावर पेन्सिलीनं, तिरकं, त्याचं अक्षर:
लाल इथे. पांढरी इथे.
तिसरी नंतर ओढू.

स्क्रू पिळले.
तळघरात बॉयलर हुंकारला.
मी सत्तर केलं
आणि जिन्याकडे कान दिला.

बराच वेळ.

मग एकोणसत्तर केलं.