शंभराचा गठ्ठा

विट्याच्या सेतू केंद्रात सगळे सर्व्हरला शिव्या द्यायचे.
मीही द्यायचे.
कोइमतूरहून दोन दिवसांच्या रजेवर आलेले
हिंदुराव देवकर, गलाईवाले, एकदा म्हणाले,
"ताई, आमच्याकडं सोनंसुद्धा पातळ होऊन वाहतं.
हा कागद कुठं गोठतो, बघा की जरा."

तेव्हापासून प्रत्येक अर्जाच्या कोपऱ्यात
पेन्सिलीनं वेळ टिपायला लागले.
खिडकी : अकरा मिनिटं.
पडताळणी : वीस, चहा धरून.
टायपिंग : सहा.
आणि मग नऊ दिवस
माझ्याच टेबलावर.

शंभर झाले की सुतळी बांधून वर पाठवायचे.
साहेब माडीवर, जिना उभा,
कुंडलिकमामांचे गुडघे गेलेले.
त्यांच्या फेऱ्या वाचाव्यात
म्हणून मीच घातलेली ही रीत,
आणि निम्मा तालुका
माझ्या मायेच्या रांगेत ताटकळत होता.

मामांना सांगितलं. ते हसले नाहीत.
दुसऱ्या दिवशी घरून घेऊन आले
विहिरीवरची जुनी कप्पी,
द्राक्षांचा एक क्रेट, दोरी.
आता दहा झाले की कागद
जिन्याच्या पोकळीतून वर जातात,
सही होऊन उतरतात.

पहिल्याच खेपेला क्रेट कठड्याला अडकला.
मामा खालून ओढतायत, साहेब वरून वाकलेले,
मी पेन्सिल धरून घड्याळाकडं बघतेय.
देवकर पुन्हा रजा काढून आले होते.
त्यांनी छत्री उंच करून
क्रेटला हलकेच ढोसलं.

मी लिहिलं : कठडा, तीन मिनिटं.