आधी एक रुपया

शनिवारी पावणेसहाला
शेवटचं टॉवेल दुमडून झालं की
मशीनच्या पायट्यावरून पाय काढते
आणि मोबाईलवर अंगठा ठेवते.

वीस बायका, अठरा गोल.
एकीकडं फोनच नाही,
एकीकडं आहे, पण तो पोराच्या खिशात असतो,
त्या दोघींना रोख.

गोलात एकेक अक्षर. य, ल, न, परत न.
तीन नरसव्वा आहेत माझ्याकडं.
म्हणून
नरसव्वा कन्ना चौक,
नरसव्वा चष्मा,
नरसव्वा उधारी.
तिसरीची उधारी फिटून दोन वर्षं झाली,
नाव बदलायचं राहिलं.

टँकरवाला म्हणजे 'पाणी चौथ्या दिवशी'.
'कडक भाकरी' म्हणून जिला तीन वर्षं पाठवत होते
ती बँकेत
श्रीमती महादेवी गुरुसिद्धप्पा म्हेत्रे निघाली.
तेव्हापासून मी तिला अहोजाहो करते.
डझनाचा भाव तोच.

आणि माझं?
चाटी गल्लीतला व्यापारी पैसे टाकतो तेव्हा त्याला दिसतं
कु. रेणुका मल्लिनाथ हुलसुरे.
लग्नाला अकरा वर्षं.
नाव बदलायचा फॉर्म आणला होता एकदा,
मशीनच्या खणात आहे,
त्याच्यावर तेलाचा डाग पडलाय
आणि मला काही घाई नाही.

गुरुवारी लाईट गेली.
मशीनी गप्प झाल्या तेव्हा
नरसव्वा चष्मा उठून माझ्याजवळ आली.
"ताई, डझनामागं दोन रुपये वाढवलाव न्हवं?
जुने तेवढे तिकडंच जाऊ द्या.
वाढीव इकडं टाका."
टॉवेलच्या लेबलामागं
पेन्सिलीनं लिहिलेला नंबर.

तिकडं म्हणजे व्यंकटेश म्याकल.
दर शनिवारी साडेसहाला येतो,
माझ्या खांद्यावरून यादीत डोकावतो,
बायकोचा पगार गेला का बघतो,
आपल्याच फोनवर वाजतं तरी.

नवीन नाव जोडा, म्हणालं ॲप.
रिकाम्या चौकटीत एक उभी रेघ
लुकलुकत राहिली.
मी लिहिलं:
पांढरं रीळ, चाळीस नंबर.

ॲप विचारत नाही
रिळाला दर आठवड्याला पैसे कशाला लागतात.
विचारतं एवढंच, खात्री आहे का?

खात्रीचं काय सांगू.
एकदा साताच्या जागी एक पडला
आणि नऊशे रुपये बार्शीच्या कुण्या धनराजला गेले.
भला माणूस, पाचशे परत केले,
मग मला ब्लॉक केलं.
तेव्हापासून नवीन माणसाला
आधी एक रुपया.

बँकेतलं नाव आलं,
इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत, शेवटी तुटलेलं.
नरसव्वा म्हणाली, वाचा.
मी हळू वाचलं.
परत वाचा म्हणाली.
तिसऱ्यांदा तिनं माझ्याबरोबर म्हटलं,
आडनाव येण्याआधीच थांबली.

लाईट आली. सगळ्या मशीनी एकदम.
त्या गोंगाटात
तिच्या कमरेला, रुमालात गुंडाळलेलं काहीतरी
टिंग वाजलं.
तिनं मान वर केली नाही.
टॉवेलचा काठ सुईखाली तसाच सरकत होता.
"वच्चिंदि," म्हणाली,
आला.

शनिवारी व्यंकटेश वेळेवर आला.
"गेले काय ओ ताई?"
गेले.
त्यानं माझा फोन हातात घेतला,
अंगठ्यानं यादी खाली ओढली,
थांबला.
"तीनशे तीस? हे रीळ लई महाग झालं की."

हो, म्हटलं.
सुताचा भाव वाढलाय.

समोर नरसव्वा
दातानं दोरा तोडत होती.